पोराच्या जेवणाचं काय?

मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा १८६२ साली झाली आणि चौघे जण पास झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. इतिहास घेतलेल्या आमच्या पिढीच्या प्रत्येक पोराला ही चार नावं पाठ. त्यातले रानडे कोल्हापूरच्या शाळेतून मुंबईला गेलेले, म्हणून इथल्या मास्तरांचा ऊर जरा जास्तच भरून यायचा. मी मात्र बोर्डिंगात जन्म काढलेला माणूस. आधी तिथं राहून शिकलो, पुढं कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता रेक्टर म्हणून मेसचे हिशेब तपासत बसलो. असल्या माणसाच्या मनात ही नावं वाचल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की हे लोक जेवत कुठं होते?

हसण्यावारी नेऊ नका. ॲडमिशनच्या दिवसांत धोतर-टोपीतले बाप पोराला घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. अभ्यासक्रम काय, प्राध्यापक कोण, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. फीचं विचारायचे, पण ते दुसऱ्या नंबरला. पहिलं विचारायचे, "सर, पोराच्या जेवणाचं काय?" महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न नीट विचारलेला नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. कायदे, कुलगुरू, पदवीदान समारंभ, मनोरे यांच्यावर पानंच्या पानं आहेत. रोज सकाळी दहा वाजता विद्यार्थ्याच्या पानात काय पडत होतं आणि ते कोण वाढत होतं, यावर चार ओळी मिळवायच्या तर आत्मचरित्रं चाळावी लागतात.

१८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचं होतं. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम. शिकवणं कॉलेजांचं, आणि राहण्या-खाण्याचं ज्याचं त्यानं पाहावं. पुढं शेअरबाजारातल्या प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभा राहिला. पण कोकणातून गलबतानं किंवा देशावरून बैलगाडीनं आलेल्या पोरानं संध्याकाळी कुठं टेकायचं, हा विद्यापीठाचा विषयच नव्हता.

पुण्याचं थोडं वेगळं होतं. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. ही चाल मुळात तळेगावच्या दाभाड्यांची, पेशव्यांनी ती पुढं चालवली. इंग्रज आल्यावर त्या पैशाचा काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढं पूना कॉलेज झालं आणि मग डेक्कन कॉलेज. १८६८ साली हे कॉलेज नदीपलीकडं येरवड्याच्या बाजूला, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बांधलेल्या दगडी इमारतीत गेलं. शहरापासून लांब असल्यानं मुलांना तिथंच राहावं लागे. खोल्या होत्या, नदी होती, व्यायामाला जागा होती. टिळकांनी पहिलं वर्ष अभ्यासाला सुट्टी देऊन तालीम, पोहणं आणि खुराक यांत घालवलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आजही त्यांची खोली तिथं जपून ठेवलेली आहे.

त्याच कॉलेजात १८७५ च्या सुमारास टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर नावाचा मुलगा आला. त्याच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवायचा. परीक्षेच्या फीला पैसे नाहीत म्हणून नाटक लिहून नाटक कंपनीला विकावं, असा बेत त्यानं केला होता. प्राध्यापक केरूनाना छत्र्यांना ते कळलं आणि त्यांनी पैशांची सोय केली, असं सांगतात. एकाला खुराकावर वर्ष घालवता येत होतं आणि दुसऱ्याला सदऱ्याची भ्रांत होती, तरी त्याच आवारात दोघांनी मिळून शाळा काढायचे बेत केले. मला या कथेत आगरकरांच्या सदऱ्याइतकंच त्यांच्या जेवणाचं कुतूहल आहे. सदऱ्याची गोष्ट चरित्रकारांनी पुन्हा पुन्हा लिहिली. ताटाची लिहिली नाही, कारण सदरा डोळ्यांत भरतो आणि अर्धपोटी राहणं दिसत नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाबतीत निदान आकडा मिळतो. वडील गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव नोकरीला लागले. पगार पंधरा रुपये, त्यातले आठ ते धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडायचे. गोखले स्वतःच्या हातानं स्वयंपाक करत आणि तेल वाचवायला रस्त्याच्या दिव्याखाली बसून वाचत. दिव्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते. पंधरातल्या उरलेल्या सात रुपयांत गोविंदरावांच्या बायकोनं घर कसं रेटलं, याची गोष्ट कुठल्याच पुस्तकात येत नाही.

ज्यांच्यामागं गोविंदराव नव्हते, त्यांच्यासाठी पुण्यात वार होता.

वार लावून जेवणं म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून घेणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं आठवडाभर. मी कॉलेजात नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडं संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक अधूनमधून ग्रंथालयात येत. मूळचे राजापूरकडचे, शिक्षण सगळं पुण्यात आणि तेही वारावर. मी त्यांना तात्या म्हणत असे. मोजकं बोलणारा माणूस, पण वाराचा विषय काढला की खुलायचे. त्यांच्याकडून मी जे ऐकलं ते कुठल्या दप्तरात सापडायचं नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

गावच्या भटजींची चिठ्ठी घेऊन पोरगा पुण्याला यायचा. नात्यातला, नाहीतर निदान गावचा कुणी सदाशिव किंवा नारायण पेठेत असायचा. तो चार घरं फिरवून आणायचा. "मुलगा हुशार आहे, मुंज झालीय, संध्या येते. एक वार द्याल का?" सगळे वार एकदम मिळत नसत. तात्यांना सुरुवातीला पाचच मिळाले. उरलेल्या दोन दिवसांना ते 'कोरडे' म्हणत. त्या दिवशी चणे-कुरमुरे, नाहीतर आदल्या दिवशी कुणी हातावर ठेवलेला लाडू. बहुतेक घरी सकाळचंच जेवण मिळे. रात्रीचं ज्याचं त्यानं बघायचं.

जेवायला जायचं म्हणजे वेळेआधी जाऊन ओसरीवर पुस्तक उघडून बसायचं आणि घरातल्या पुरुषमंडळींची पानं उठेपर्यंत वाट पाहायची. काही घरी पहिल्या पंगतीत बसवत, काही घरी शेवटच्या. सोमवारच्या घरी तात्या हौदावरून पाणी भरून देत. गुरुवारच्या घरी पूजा त्यांच्याकडं. शुक्रवारच्या घरी धाकट्या मुलाला रूपावली घोकून घ्यायची. हे कुणी ठरवून दिलेलं नसे, पण दोन्हीकडून ते समजूनच असे. बुधवारच्या घरची म्हातारी न विचारता भातावर तूप घालायची. मंगळवारच्या घरची वहिनी पोळ्यांच्या डब्याला झाकण घालून मग विचारायची, "आणखी वाढू का रे?" पन्नासएक वर्षांनंतर हे सांगताना तात्यांनी त्या झाकणाचा आवाजसुद्धा काढून दाखवला होता. आणि लगेच म्हणाले, "तिचंही खरं होतं हो. घरात नऊ माणसं, पगार एक. तरी वर्षभर वार मोडला नाही तिनं."

वार मोडायचे प्रसंग पुष्कळ. घरात सुतक आलं की दहा दिवस ताट बंद. सोयर आलं तरी बंद. बाई बाजूला बसली आणि घरात दुसरी करणारी नसेल तर बंद. यजमानांची बदली झाली तर वार कायमचा गेला. एकादशी ज्या वारी येईल त्या घरी भगर आणि दाण्याची आमटी, त्यामुळं पोरांना पंचांग तोंडपाठ. चातुर्मासात सवाष्ण-ब्राह्मण जेवायला घालायची धांदल असे, तेव्हा मात्र चंगळ. परीक्षेचा निकाल लागला की सातही घरी पेढ्याऐवजी नमस्कार घेऊन जायचं. नापास झालेल्याचा वार सहसा तोडत नसत, पण वाढताना कुणीतरी एक वाक्य बोलायचंच, आणि तेवढ्यानं भात घशाखाली उतरत नसे. शिक्षण संपवून जाणारा मुलगा आपले वार गावाकडच्या नव्या मुलाला देऊन जाई. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढवावं तसे ते वार एकाकडून दुसऱ्याकडं जात. तात्यांचा बुधवार त्यांच्याआधी त्यांच्या चुलतभावाचा होता.

वारही न मिळणाऱ्यांसाठी माधुकरी. सकाळी पंचा नेसून, झोळी आणि आमटीसाठी भांडं घेऊन ठरलेल्या घरांपुढं उभं राहायचं. जे मिळेल ते खोलीवर आणून वाटून खायचं. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेव्हा संस्थेच्या मुलांची जेवणं अशा माधुकरीवरच चालत. वारात निदान पानावर बसून जेवायला मिळे. माधुकरीत चार घरची आमटी एका भांड्यात एक व्हायची. तात्या म्हणायचे, चव कशी लागते हे विचारू नका, पण त्या भांड्यात कुणाची आमटी आंबट आणि कुणाची गोड हे आम्हाला बरोबर कळायचं.

हे सगळं ऐकताना माझं मन भरून यायचं आणि त्याच वेळी एक गोष्ट टोचायचीही. आमच्या घरातल्या कुणाला, म्हणजे माझ्या आजोबांना किंवा चुलत आजोबांना, बुधवारच्या म्हातारीनं वार दिला असता का? नसता दिला. ती वाईट नव्हती. तिचा स्वयंपाक सोवळ्यातला होता. तात्यांना घरात घेताना पहिली ओळख कोणती, तर मुंज झालीय. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले या बड्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. त्यावरून शहरात ग्रामण्य माजलं आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. एका कप चहाची ही कथा, तर रोजच्या वरण-भाताची काय असणार? वार ही उदारपणाची रीत होती यात मला शंका नाही. हजारो गरीब मुलं त्यावर शिकली, मास्तर झाली, वकील झाली. पण ती उदारता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायची, आणि त्या काळी कॉलेजला जायचा रस्ता त्याच उंबऱ्यावरून जात होता. कॉलेजात कुणबी-मराठ्यांची, लिंगायतांची, महार-मांगांची पोरं दिसत नाहीत याचं कारण पुष्कळांनी शिक्षणाची आवड नाही असं दिलं. आवड असून करायचं काय? गावाहून शहरात आलेल्या मुलाला पान मांडणारं घरच नव्हतं.

मुलींचा तर प्रश्नच नव्हता. मुंबई विद्यापीठानं १८८३ साली मुलींना दार उघडलं. डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या, आणि वर्गातली मुलं त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. त्यांचं घर शिकलेलं होतं म्हणून निभावलं. कोकणातल्या एखाद्या पोरीनं "मला वार द्याल का" म्हणून पेठेत दारोदार फिरणं कल्पनेतही बसत नाही. कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम काढला तो राहण्या-जेवण्यासकट, ते काही उगीच नव्हे.

ब्राह्मणेतर मुलांसाठी पुण्यात गंगारामभाऊ म्हस्क्यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशननं शिष्यवृत्त्या दिल्या. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीहून येऊन फर्ग्युसनला शिकले ते त्या आधारावर. पण शिष्यवृत्ती म्हणजे हातात चार रुपये. चूल पेटवायला जागा लागते, आणि जात विचारून खोली भाड्यानं देणाऱ्या शहरात ती जागा कुठून आणायची?

याचं उत्तर कोल्हापुरात सापडलं, आणि तेही पहिल्या फटक्यात नाही. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी सगळ्या जातींचं मिळून एक वसतिगृह सुरू केलं. कागदावर सगळ्यांचं, पण कारभार ज्यांच्या हाती होता त्यांच्याच मुलांनी ते भरून गेलं. इतरांची पोरं एकतर आलीच नाहीत किंवा टिकली नाहीत. महाराजांनी यावर भाषण ठोकलं नाही. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, मग लिंगायत बोर्डिंग, आणि १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं दैवज्ञ, सारस्वत, नामदेव शिंपी, पांचाळ अशी रांगच लागली. संस्थानानं जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, वर्षासन बांधून द्यायचं आणि समाजानं चालवायचं, असा तो व्यवहार. आज दसरा चौकात उभं राहून मान फिरवली तरी त्यातल्या काहींच्या पाट्या दिसतात.

जातवार बोर्डिंगं काढून महाराजांनी जाती घट्ट केल्या, असं म्हणणारे शहाणे मला वरचेवर भेटतात. परिसंवादात तर हमखास. मी त्यांना एवढंच विचारतो, की १९०१ साली जिल्ह्यातल्या कुठल्या बापानं आपलं पोर मिसळीच्या पंगतीला धाडलं असतं? महाराजांनी आधी तोच प्रयोग केला होता आणि त्याचं काय झालं ते पाहिलं होतं. पोराच्या जेवणाचं काय, या प्रश्नाचं बापाला पटेल असं उत्तर दिल्याखेरीज पोर गाव सोडत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून ज्याचा स्वयंपाक त्याच्या हाती दिला आणि मुलं शहरात आणली. जातिभेदाचं नंतर बघता येतं, आधी मुलगा वर्गात तर बसला पाहिजे. मला हा हिशेब बरोबर वाटतो. त्याचे तोटे झाले नाहीत असं नाही. आमच्या तरुणपणी बोर्डिंगाच्या निवडणुकीत तालुके आणि भावक्या उतरायच्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यासाठी महाराजांना जबाबदार धरणं म्हणजे विहीर काढून देणाऱ्याला पाण्यावरच्या भांडणाचा दोष देणं.

एक पोरगा मात्र या चौकटीत मावला नाही. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच पंगतीला बसा, असा हुकूम झाला. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. महाराजांनी त्यांना आसरा दिला. पुढं याच भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एक वसतिगृह चालू केलं. एकच चूल, एकच पंगत. १९२७ साली गांधीजींनी येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. म्हणजे ज्यांनी जातवार बोर्डिंगं काढली त्यांचंच नाव बिनजातीच्या बोर्डिंगला. यात विसंगती दिसत असेल त्यानं तारखा लागोपाठ मांडून पाहाव्यात. मध्ये पाव शतक गेलेलं आहे.

साताऱ्याची पंगत उभी राहिली ती लक्ष्मीबाईंच्या जिवावर. भाऊरावांच्या पत्नी. घरातले दागिने एकेक करून मुलांच्या धान्यासाठी गेले. एकदा भाऊराव फिरतीवर होते आणि बोर्डिंगात शिधा संपला. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र देऊन मुलांच्या पोटाची व्यवस्था केली. १९३० साली त्या गेल्या. संस्थेच्या पुढच्या वैभवातलं त्यांनी काहीच पाहिलं नाही. 'कमवा आणि शिका' ही घोषणा भाऊरावांची, आणि ती रास्तच होती. पोरांनी शेतात राबायचं, दगड फोडायचे आणि आपल्या भाकरीचा वाटा आपण मिळवायचा. पोरं कमवू लागेपर्यंत त्यांना खायला घातलं ते मात्र या बाईनं.

डॉ. आंबेडकर स्वतः एल्फिन्स्टनला शिकले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना पंचवीस रुपयांवर. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सुरुवातीच्या कामांतच १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढलं. १९५० साली औरंगाबादला त्यांचं कॉलेज सुरू झालं तेव्हा नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहंही आली. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या दलित मुलाला औरंगाबादेत खोली कोण देणार होतं? ज्यांनी ज्यांनी खालच्या थरातल्या मुलांना शिकवायचं खरोखर मनावर घेतलं, त्या सगळ्यांनी चुलीची काळजी आधी वाहिली.

पुण्यातला वार पुढं हळूहळू आटत गेला. माझ्या मते रेशनकार्डानं त्याला पहिला धक्का दिला. महायुद्धाच्या काळात माणशी धान्य मोजून मिळायला लागलं, तेव्हा कार्डावर नाव नसलेल्या तोंडाला आठवड्यातून एकदा जेवू घालणंही जड झालं. मग वाडे गेले, ओसऱ्या गेल्या, आणि ब्लॉकमध्ये राहणाऱ्या माणसाला परका मुलगा जेवायला बोलावणं अवघड वाटू लागलं. मुलांनाही ते नकोसं झालं होतं. १९५५ साली पुण्यात विद्यार्थी सहायक समिती निघाली ती याच पोकळीत. संयुक्त महाराष्ट्राच्या आगेमागे यशवंतराव चव्हाणांनी ई.बी.सी.ची सवलत आणली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांची फी माफ झाली आणि नादारीचा अर्ज घेऊन हेडमास्तरांपुढं लाजेनं उभं राहणं थांबलं. यशवंतराव स्वतः कऱ्हाडहून येऊन राजाराम कॉलेजात शिकलेले, त्यांना हे कळणारच. फीचा प्रश्न असा सुटला. जेवणाचा प्रश्न एस.टी.नं सोडवला.

हे मी विनोदानं म्हणत नाही. मी १९७२ साली कॉलेजला आलो. दुष्काळाचं साल. कोल्हापूर भागाला त्याची झळ मराठवाड्याइतकी नव्हती, पण रेशनवर मिलो आला होता. अमेरिकेतली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की तिचा ठोकळा व्हायचा. मेसमध्ये तीच. ज्यांना मेसचं बिल झेपत नसे, ते बोर्डिंगात नुसते राहायचे आणि त्यांचा डबा गावाहून यायचा. आई पहाटे उठून भाकरी करायची. तीन-चार भाकरी, वर कोरडा झुणका नाहीतर वांग्याची सुकी भाजी, कोपऱ्यात ठेचा. जर्मनचा डबा फडक्यात बांधून त्यावर रंगानं नाव घातलेलं. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या पाठीमागं असे दहा-वीस डबे रचलेले असायचे. कंडक्टर आमच्यातल्या कित्येकांना नावानं ओळखायचा, तोंडानं नव्हे, कारण डब्यावरचं नाव त्यानं रोज वाचलेलं.

स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत उभे. आदल्या दिवशीचा रिकामा डबा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. सकाळी आलेल्या डब्यातली दीड भाकरी आता आणि बाकीची रात्री. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत भाजी टिकेल का, याचा अंदाज झाकण उघडून वासावर घ्यायचा. पातळ भाजी पाठवू नको म्हणून पत्रं लिहायचो. तरी सणाला आई कटाची आमटी धाडायचीच. मग ती फडक्यातून झिरपून दुसऱ्याच्या डब्यावर, आणि स्टँडवरच बाचाबाची. डब्यातून चिठ्ठ्या यायच्या, पैसे यायचे, तापाच्या गोळ्या यायच्या. परतीच्या डब्यातून आम्ही मार्कांची बातमी पाठवायचो. चांगली असली तर.

पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की पन्हाळा-शाहूवाडीकडची वाट बंद व्हायची. नदी आंबेवाडी-चिखलीच्या शिवारात पसरली म्हणजे पश्चिमेकडच्या पोरांना डबा नाही. तेव्हा पूर्वेकडच्या, हातकणंगले-शिरोळच्या पोरांनी आपल्या डब्यातलं वाढायचं. दोन दिवसांनी शिरोलीला हायवेवर पाणी चढलं की मग सगळेच सारखे. रेक्टर मेसच्या कोठीतून शिधा काढायचे आणि खिचडीचं पातेलं चढायचं. त्या खिचडीचे पैसे बिलात लागत नसत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. मी रेक्टर झाल्यावर मीही लावले नाहीत. ऑडिटरनं एकदा विचारलं, हा तांदूळ गेला कुठं. म्हटलं, पुरात गेला. त्यानं लिहून घेतलं.

मेसच्या वह्या अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तूरडाळ, कांदा, गूळ, सरपण, रॉकेल, असं एकीकडं. दुसरीकडं हजेरी आणि खाडे. गावाला जाणाऱ्यानं आधी सांगितलं तरच खाडा धरायचा, नाहीतर बिल पूर्ण. या खाड्यांवरून जितकी भांडणं झाली तितकी राजकारणावरूनही झाली नसतील. पगाराच्या पानावर आचाऱ्याचं नाव असायचं, पाणक्याचं असायचं. भाकरी थापणाऱ्या चौघी मात्र 'भाकरीवाल्या बायका' अशा एका ओळीत. त्यांना पगार नव्हता, भाकरीच्या शेकड्यावर दर होता. जवळच्या गल्लीतून पहाटे यायच्या, चुलवणापुढं बसायच्या आणि पोरं वर्गात जायच्या आत निघून जायच्या. पोरं त्यांना मावशी म्हणत. नावं फारशी कुणाला माहीत नव्हती.

मी रेक्टर असताना एका वर्षी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर त्या चौघी आल्याच नाहीत. चौकशी केली तर निरोप आला, ज्वारी महागली तेव्हा पोरांचं बिल वाढवलंत, आमचा दर तेवढाच. कमिटीतल्या एका वजनदार सभासदांनी आचाऱ्याला हुकूम सोडला, पोरांना घेऊन भाकरी कर. शेतकऱ्यांची पोरं ती, पण भाकरी थापायला घरी कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या परातीनंतरच त्यांनी हात धुतले आणि सगळी पलटण मिसळ खायला बाहेर पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी मी सभासदांना म्हटलं, परीक्षेत पोरं पडली तर बाप विचारायला तुमच्या घरी येतील. संध्याकाळी तातडीची सभा भरली. ठराव मीच लिहिला. भाकरीचा दर वाढवून देण्यात यावा, तो मागच्या महिन्यापासून लागू करावा, आणि यापुढं वहीत चौघींची नावं वेगवेगळी घालावीत. शेवटच्या कलमावर कुणीतरी कुरकुरलं, की त्यानं जास्तीच्या तीन ओळी लागतील. मी म्हटलं, लागू द्या, वही मोठी आहे.